खटाऱ्याचा ख, बाणाचा ण

चार वर्षांच्या मुलासमोर अंकलिपी उघडा. एडका, ऐरण, ओढा, औत अशी चित्रं दाखवत ते घडाघडा अक्षरं म्हणून दाखवील. मग मध्येच थांबवून विचारा, ‘ऐरण म्हणजे काय रे?’ मूल चित्राकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि गप्प बसेल. शहरातल्या मुलाचं सोडाच, आता खेड्यातल्या बहुतेक मुलांनीही लोहाराची ऐरण पाहिलेली नसते. तीच गत खटाऱ्याची, उखळाची, झबल्याची. ईडलिंबू तर मुलाच्या आईनेही क्वचितच हातात घेतलेलं असतं.

मुलाच्या आयुष्यातल्या पहिल्या पुस्तकात त्याच्या ओळखीचे शब्द असावेत, हे कुणालाही पटेल. मग काका, गाय, मासा, वाघ बाहेर का राहिले आणि थडगं, यज्ञ, खटारा आत कसे आले? आणि निम्मे शब्द अनोळखी असूनही मुलं या पातळशा पुस्तकावर इतका जीव का लावतात, की मुखपृष्ठ फाटून पिना निघेपर्यंत ते त्यांच्या हातातून सुटत नाही? या प्रश्नांची उत्तरं काही आपल्या लिपीत सापडतात आणि काही लहान मुलाच्या डोळ्यांत व मेंदूत.

तीन चाळण्या

अंकलिपी तयार करणाऱ्याला प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द लागतो. धान्य एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून काढावं, तसे हे शब्द तीन चाळण्यांतून गाळावे लागतात.

पहिली चाळणी लिपीची. शब्द त्या अक्षराने सुरू व्हायला हवा आणि त्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काहीही लागलेलं नको. मुलाला ‘क’ची मोकळी आकृती दाखवायची असते. कुत्र्यातला ‘कु’, केळ्यातला ‘के’ किंवा काकातला ‘का’ दिसायला वेगळा आणि ऐकायलाही वेगळा. म्हणून घराघरांतले हे शब्द पहिल्याच चाळणीत अडतात आणि कमळ पार होतं. ‘ग’साठी गाय चालत नाही, ‘म’साठी मासा, मोर, मांजर यांपैकी एकही चालत नाही, मगर चालते. ‘च’साठी चिमणी चालत नाही, चमचा चालतो. ‘प’च्या घरात पोपट बसत नाही, पतंग बसतो.

इंग्रजी अक्षरांच्या पुस्तकाला ही अडचण नाही. तिथे स्वर व्यंजनाच्या शेजारी स्वतंत्र उभा राहतो. आपल्याकडे तो व्यंजनाच्या अंगावर चढतो आणि त्याचं रूप बदलतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ धरून ३६ व्यंजनं आणि बाराखडीची प्रत्येकी १२ रूपं मोजली, तरी ४३२ आकृत्या होतात, आणि त्यांत जोडाक्षरं आलेलीच नाहीत. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. कन्नड लिपीची घडण याच जातीची. तिथली सगळी अक्षररूपं पक्की व्हायला पहिलीचं वर्ष पुरत नाही, मुलं पुढची काही वर्षं ती शिकत राहतात, असं त्यांना दिसलं. त्या लांबच्या प्रवासाचा पाया मोकळ्या अक्षरावर घालायचा, ही अंकलिपीकारांची निवड मला योग्यच वाटते.

दुसरी चाळणी चित्रकाराची. ‘वय’, ‘मन’, ‘गरज’, ‘दया’ हे शब्द पहिल्या चाळणीतून सहज पार होतात, पण त्यांचं चित्र काय काढणार? वस्तू हवी, प्राणी हवा, माणूस हवा. ‘वजन’ हा शब्द खरं तर इथेच अडायला हवा होता. पण ‘व’साठी वाघ बाद झालेला, म्हणून वजन आत येतं, आणि चित्रकार बिचारा दुकानातली मापं काढतो.

तिसरी चाळणी मुलाची: शब्द त्याच्या ओळखीचा आहे का? घर, ससा, नळ, छत्री, बदक, पतंग तिन्ही चाळण्यांतून बाहेर पडतात आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. काही अक्षरांच्या वाट्याला मात्र इथवर फारसं काही उरलेलंच नसतं. ‘थ’साठी थवा किंवा थडगं. ‘ठ’साठी ठसा. ‘ष’साठी षटकोन. ‘ऐ’साठी ऐरण, नाहीतर ऐरावत. शिवाय ही निवड पहिल्यांदा झाली तेव्हा उखळ माजघरात होतं, औत दारात होतं आणि खटारा रोज रस्त्यावर दिसत होता. ते शब्द तेव्हा तिसऱ्या चाळणीतूनही बिनतक्रार उतरले होते. नंतर घरं बदलली, रस्ते बदलले, पण चौकोन तेच राहिले.

‘ण’ कुठून आणायचा?

अंकलिपीतला सगळ्यात गमतीचा चौकोन ‘ण’चा. बाकी जवळजवळ सगळीकडे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असतं. इथे चित्र बाणाचं आणि ‘ण’ शेवटी. आजच्या मराठीत ‘ण’ने सुरू होणारा शब्द नाही. ‘ण’ उच्चारताना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं, आणि मराठीत हा ध्वनी स्वराच्या आधाराने शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतो: पाणी, लोणी, कण, सण. ‘ळ’चंही तसंच, म्हणून तिथे बाळ असतं. ही मराठीची सवय पूर्वापार अशीच होती असं मात्र नाही. महाराष्ट्री प्राकृतात ‘ण’ने शब्द सर्रास सुरू होत. जैनांच्या णमोकार मंत्राच्या नावातच तो प्राकृत ‘ण’ अजून ऐकू येतो.

‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या चौकोनात बहुधा चित्रच नसतं. हे दोन्ही ध्वनी आपापल्या वर्गातल्या व्यंजनाला चिकटून येतात आणि मराठी लेखनात त्यांच्या जागी आपण अनुस्वार देतो: अंक, पंच. ‘वाङ्मय’सारखा एखादा शब्द ‘ङ’ला सांभाळून आहे, पण वाङ्मयाचं चित्र कसं काढायचं! तो रिकामा चौकोन मुलांच्या फार लक्षात राहतो. ‘इथे चित्र का नाही?’ असं मूल हमखास विचारतं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे.

‘ण’साठी नियम वाकवला, तर तो ‘ई’साठी का वाकवू नये? ईडलिंबू हे लिंबाच्याच कुळातलं फळ, पण चित्रात ते साध्या लिंबासारखंच दिसतं. मूल ‘लिंबू’ म्हणतं आणि ‘ई’ निसटते. उलट आई, ताई आणि चटई या तिघींच्याही शेवटी स्पष्ट, लांब, वेगळी लिहिलेली ‘ई’ आहे. बाणाच्या शेवटचा ‘ण’ ज्याला ऐकू येतो, त्याला चटईच्या शेवटची ‘ई’ नक्कीच ऐकू येईल. नव्याने अंकलिपी करणाऱ्यांनी हा बदल जरूर करावा.

चित्र एक, नावं अनेक

चित्र अक्षराला मदत करतं ते एकाच अटीवर: मुलाच्या तोंडून तोच शब्द आला पाहिजे. खटाऱ्याचं चित्र दाखवा, मूल म्हणेल ‘बैलगाडी’. टरबुजाचं चित्र दाखवा, बहुतेक महाराष्ट्रात उत्तर येईल ‘कलिंगड’. झबल्याला ‘फ्रॉक’, एडक्याला ‘मेंढा’, वजनाला ‘माप’. मुलाचं उत्तर दर वेळी बरोबर असतं आणि अक्षर दर वेळी चुकतं. कारण चित्र वस्तू दाखवतं, शब्द दाखवत नाही. एका वस्तूला चार नावं असू शकतात, अक्षराला मात्र त्यांतलं एकच नाव हवं असतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. घराचं चित्र पाहून ‘हाउस’ म्हणणाऱ्या मुलाने ‘घ’ कुठून काढावा? आणि मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलाच्या मनात तर चित्र बघताक्षणी घरच्या भाषेतला शब्द उमटतो. त्याला आधी मराठी शब्द शिकायचा, मग त्यातला पहिला आवाज वेगळा काढायचा आणि मग तो आकृतीला जोडायचा, अशी तीन कामं एकदम पडतात. पुण्यातल्या मराठी मुलाला त्यांतली शेवटची दोनच. ‘साधी अक्षरंसुद्धा येत नाहीत’ असं त्या मुलाविषयी म्हणताना आपण त्याच्या वाट्याचं हे जादा काम मोजत नाही. हा अन्याय आहे, आणि तो पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू होतो.

आपल्या बाजूची एक जमेची गोष्टही सांगायला हवी. मराठी अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. ‘क’चं नाव ‘क’. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ हे नाव पाठ करूनही त्या अक्षराचा आवाज कळत नाही, कारण नावात तो नाहीच. अपवाद आपल्याकडेही आहेत. चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ वेगळे. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘नीट जग’ म्हणताना येणारं ‘जग’ यांतले ‘ज’ वेगळे. पण चौकोन एकच, त्यामुळे दोन आवाजांपैकी एकच चित्रात येतो. दुसरा मूल घरच्या बोलण्यातून आपोआप उचलतं.

धरू पाहण्यापासून दाखवण्यापर्यंत

आता मुलाच्या बाजूने पाहू. चित्राची ओढ जन्मतःच असते, पण चित्र म्हणजे काय हे शिकावं लागतं. ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांसमोर वस्तूंचे हुबेहूब फोटो ठेवले. बाळं कागदावरची वस्तू चिमटीत पकडायला, ओरबाडून उचलायला बघत. अमेरिकेतली बाळं असं करत आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधली, चित्रांची पुस्तकं फारशी न पाहिलेली बाळंही असंच करत. १९ महिन्यांच्या सुमाराला पकडणं थांबतं आणि मूल बोटाने दाखवू लागतं. ही वस्तू नव्हे, वस्तूची खूण आहे, हे त्याला उमगलेलं असतं.

अक्षराच्या वाटेवरचं हे फार मोठं पाऊल आहे, कारण अक्षर हीसुद्धा खूणच. चित्र वस्तूसारखं दिसतं तरी. अक्षर कशासारखंच दिसत नाही. अंकलिपीच्या चौकोनात या दोन खुणा शेजारी बसवलेल्या असतात: एक मुलाला समजलेली, दुसरी समजायची.

दुसरी ओढ माणसाची. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ मध्ये एक आई आणि तिचं बाळ पुस्तक बघताना काय करतात याची बारीक नोंद प्रसिद्ध केली. आई आधी लक्ष वेधते, मग ‘हे काय?’ विचारते, मग नाव सांगते आणि बाळ काहीही पुटपुटलं तरी ‘हो, बरोबर’ म्हणते. हा क्रम पुन्हा पुन्हा, जवळजवळ न बदलता चालतो. बाळाला पुढे काय येणार हे ठाऊक असतं, आणि आपली पाळी कधी हेही कळतं. अंकलिपीची सगळी रचना याच क्रमाला सोयीची आहे. कथा नाही, त्यामुळे कुठूनही उघडता येते. प्रत्येक चौकोनात एक प्रश्न आणि एक उत्तर. तेच ते शंभर वेळा मागणाऱ्या मुलावर आपण वैतागतो. पण उत्तर आधीपासून माहीत असणं हाच त्याचा आनंद आहे, आणि शिकणंही तिथेच होतं.

डोळा चित्रावरच अडकतो

इथे एक अडचण येते. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंत-ओबँ यांनी २००५ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांच्या नजरेचा माग घेतला. मोठं माणूस गोष्ट वाचून दाखवत असताना मुलांची नजर जवळजवळ सारा वेळ चित्रांवर होती, मजकुराकडे ती क्वचितच वळली. म्हणजे चित्र ज्या अक्षरासाठी काढलं, त्या अक्षराकडे मूल बघेलच याची खात्री नाही. पुष्कळ मुलं अंकलिपी पूर्ण ‘वाचून’ दाखवतात आणि चित्र झाकलं की थांबतात.

यावर एक उपाय लिनिया एहरी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तपासला. चित्र शेजारी ठेवण्याऐवजी अक्षराच्या आकृतीतच मिसळलं, तर अक्षराचा आवाज जास्त चांगला लक्षात राहतो, असं त्यांना आढळलं. आपल्या लिपीत याला जागा आहे. ‘न’ नीट बघा: उभा दांडा आणि डावीकडे निघालेली तोटी. तो नळच आहे! पण अंकलिपीत नळ एका कोपऱ्यात आणि ‘न’ दुसऱ्या कोपऱ्यात.

दुसरा उपाय साधेपणाचा. सिंथिया चिओंग आणि डिलोश यांनी २०१२ मध्ये अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना दोन प्रकारची अक्षरपुस्तकं दिली. एकात ओढायच्या, उघडायच्या, हलणाऱ्या गमती होत्या; दुसरं सपाट, साधं. साध्या पुस्तकातून मुलं जास्त अक्षरं शिकली. गमतींच्या पुस्तकात त्यांचं सारं लक्ष त्या यंत्रणेवर खर्च झालं. जत्रेत किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी साधी अंकलिपी कमी प्रतीची, असं समजून बटण दाबलं की गाणारं पुस्तक घेणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

उलटा पेला, उलटं अक्षर

मुलं ‘३’ आणि ‘६’ यांची अदलाबदल करतात, कधी पूर्ण अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. जन्मापासून मेंदूने एक नियम पक्का केलेला असतो: वस्तूचं तोंड कुठेही असो, वस्तू तीच. पेला डावीकडून पाहिला काय आणि उजवीकडून काय, पेलाच. ससा डावीकडे तोंड करून बसला तरी ससा. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ स्टॅनिस्लास दहेन दाखवतात की वाचन हे मेंदूच्या दृष्टीने नवं काम आहे. लेखनाचा इतिहास जेमतेम पाच हजार वर्षांचा, तेवढ्यात वाचनासाठी मेंदूत नवा भाग तयार होणं शक्य नाही. म्हणून वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलीच थोडी जागा अक्षरांच्या कामाला लागते, आणि तो जुना नियम सोबत येतो. वाचायला शिकताना मेंदूला अक्षरांपुरता तो नियम विसरावा लागतो.

‘३’ची तोंडं डावीकडे, ‘६’ची उजवीकडे. एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या या दोघांवरूनच आपण न पटणाऱ्या माणसांमध्ये छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. मोठ्यांना ही पाठ चटकन दिसते. चार वर्षांच्या मुलाला ते एकाच वस्तूचे दोन फोटो वाटतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ या जोड्यांत फरक आणखी बारीक: डोक्यावरची रेघ तुटते की जुळते, पोटात तिरपी रेघ आहे की नाही.

> अंकलिपी घेताना आणि वाचताना
> अक्षर चित्राइतकंच मोठं असावं आणि पानावर गर्दी नसावी. नाव घेताना तुमचं बोट आधी चित्रावर आणि मग अक्षरावर जाऊ द्या, कारण मुलाची नजर बोटामागून जाते. मूल दुसरं नाव सांगेल तर ‘चूक’ म्हणू नका; ‘हो, बैलगाडीच, तिला खटाराही म्हणतात’ असं म्हणा. अधूनमधून चित्र हाताने झाका.

तोंडाचा क्रम, हाताचा क्रम

अंकलिपीतली अक्षरं ज्या क्रमाने येतात तो तोंडातला क्रम आहे. ‘क’ घशाजवळून निघतो, ‘च’ टाळूपाशी, ‘ट’ जीभ वळवून, ‘त’ दातांपाशी, ‘प’ ओठांवर. मुलाला हे ओळीने म्हणायला लावा; आवाज मागून पुढे सरकत येतो हे त्याला स्वतःला जाणवेल. पण हाताला हा क्रम अवघड. पहिलंच व्यंजन ‘क’, दोन्ही बाजूंना वळणं असलेलं. म्हणून लिहायला शिकवताना मराठी शाळांनी ‘ग म भ न’ हा वेगळा क्रम रूढ केला. चारही अक्षरांना उजवीकडे सरळ काना, डावीकडे थोडं थोडं बदलत जाणारं वळण. एक जमलं की दुसऱ्याला हात तयार असतो.

हाताला आपल्या परंपरेने पूर्वीपासून मान दिला आहे. पाटीवर धूळ पसरून मुलं बोटाने धुळाक्षरं गिरवत. १९३९ मध्ये भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतही मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत त्याचा आवाज उच्चारतं. गिरवताना ‘३’ आणि ‘६’ यांत बोट उलट दिशांना जातं, आणि डोळ्याला न दिसलेला फरक बोटाला कळतो. घरी परातीत रवा किंवा रांगोळी पसरली तरी हे होतं.

आता पुन्हा रिकाम्या, अवघड चौकोनांकडे येऊ. रिबेका ट्राइमन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की मुलांना स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर इतर अक्षरांपेक्षा लवकर येतं. मराठीत याचा मोठा फायदा घेता येईल. कारण ज्या अक्षरांसाठी चित्र सहज सापडत नाही, त्यांतली बरीच अक्षरं आपल्या मुलांच्या नावांत आहेत: ईशान, ऋतुजा, ऐश्वर्या, यश, क्षमा. यशच्या फोटोखालचा ‘य’ यज्ञातल्या ‘य’पेक्षा वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या जास्त ओळखीचा असेल, आणि त्या फोटोला दुसरं नाव कुणी देणार नाही. ‘ण’ला प्रणव आहे. बालवाडीच्या भिंतीवर वर्गातल्याच मुलांचे फोटो वर्णमालेच्या क्रमाने लावायला एक दुपार पुरते. वर्गात ज्या अक्षराचं कुणी नसेल तिथे आजी, मावशी, शेजारचे काका यांचे फोटो लावावेत. तरीही जो चौकोन उरेल, तिथे खटारा खुशाल राहू द्यावा, फक्त त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत त्याचं नाव लिहून.